दोनशे वाढपी, दहा शेगड्या: सर्व्हरवरची जावा मुळापासून

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस. दुपारी एकच्या ठोक्याला लाखो मोबाइलांवर एकच पान उघडायला लागतं आणि गोल चकती फिरत राहते. अर्ध्या मिनिटाने काहीतरी इंग्रजी संदेश झळकतो, घरातून 'पुन्हा दाब, पुन्हा दाब' असा आग्रह सुरू होतो आणि त्या पुन्हा दाबण्यानेच प्रकरण आणखी चिघळतं. तत्काळ तिकिटांच्या वेळीही हेच. 'सर्व्हर झोपला' म्हणून आपण मोकळे होतो. पण झोपतं नक्की काय?

गंमत म्हणजे कोअर जावा शिकून ॲडव्हान्स्ड जावाकडे वळलेला विद्यार्थीही याच प्रश्नापाशी अडतो. चांदण्यांचे त्रिकोण छापून झालेले असतात, इनहेरिटन्सची व्याख्या तोंडपाठ असते, आणि सर्व्हरवर आल्यावर अचानक काहीच ओळखीचं वाटत नाही. भाषा तीच असते, पण प्रोग्राम जगतो कसा हेच बदललेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

मेन कुठे गेलं?

शिकाऊ प्रोग्रामचं आयुष्य सरळ असतं. मेन मेथडपासून, म्हणजे प्रोग्रामच्या ठरलेल्या दारापासून, सुरुवात, वरून खाली ओळी चालल्या, उत्तर छापलं, संपलं. एकच माणूस तो चालवतो आणि तोच बघतो.

सर्व्हर म्हणजे न संपणारा प्रोग्राम. तो एखाद्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या ठरावीक क्रमांकाच्या खिडकीवर, कान लावून बसतो. ब्राउझरने त्या खिडकीत टाकलेली मागणी म्हणजे रिक्वेस्ट आणि परत दिलेलं उत्तर म्हणजे रिस्पॉन्स. यासाठी वातानुकूलित खोलीतलं अवाढव्य यंत्र लागत नाही. तुमच्या लॅपटॉपवर टॉमकॅट चालू केलात की ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर तुमचाच सर्व्हर उभा राहतो.

एखादी चालती खानावळ डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक येतं, वाढपी मागणी घेतो, आत जातो, पदार्थ घेऊन बाहेर येतो. तुम्ही लिहिलेला कोड म्हणजे आत भिंतीवर लावलेली पाककृती. खानावळ कधी उघडायची, कोणत्या वाढप्याला कोणत्या टेबलावर पाठवायचं, हे मालक ठरवतो. जावाच्या जगात या मालकाला कंटेनर म्हणतात. टॉमकॅट हा त्यातला सर्वांत परिचित. तुमचा कोड कुणाला हाक मारत नाही, त्याला हाक मारली जाते. मेन नाहीसं झालेलं नसतं, ते टॉमकॅटच्या पोटात असतं.

ऑब्जेक्टचा इथे संबंध काय?

क्लास म्हणजे कोरा छापील अर्ज आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्याची एकेक प्रत, हे बहुतेकांना माहीत असतं. सर्व्हरवर त्याहून कामाची गोष्ट आहे इंटरफेस, म्हणजे करार: 'या नावाच्या मेथड माझ्याकडे असतील' एवढंच वचन.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये सर्व्हलेट नावाचा असाच करार आणला. त्यात तीन मुख्य कलमं: सुरुवातीला एकदा 'इनिट', प्रत्येक मागणीला 'सर्व्हिस' आणि शेवटी 'डिस्ट्रॉय'. १९९९ मध्ये टॉमकॅट अपाचे फाउंडेशनकडे आला. तुम्ही आज रात्री लिहिलेल्या क्लासबद्दल त्याच्या कर्त्यांना काहीच माहिती असण्याचं कारण नव्हतं. तरी टॉमकॅट तो क्लास चालवतो, कारण करार पाळला गेलाय. पॉलिमॉर्फिझम म्हणजे कुत्रा भुंकतो आणि मांजर म्यांव करतं, असं पुस्तकात शिकवतात. त्याचा खरा उपयोग हा आहे.

रोजच्या कामात तुम्ही 'सर्व्हिस'ला हात लावत नाही. तयार एचटीटीपी सर्व्हलेटचा वारसा घेऊन 'डूगेट' आणि 'डूपोस्ट' या दोन मेथड लिहिता. नुसतं वाचायचं असेल तर गेट, काही बदलायचं असेल तर पोस्ट. नोंद पुसण्याचं काम साध्या लिंकवर, म्हणजे गेटवर, ठेवू नका; शोधयंत्रांचे रोबो दिसेल ती लिंक उघडत जातात.

एकच फळा, अनेक वाढपी

आता नीट थांबून बघण्याजोगी जागा. टॉमकॅट तुमच्या सर्व्हलेटच्या किती प्रती बनवतो? दर मागणीला एक, असं बहुतेकांना वाटतं. बनते एकच, आणि सगळ्या मागण्या त्याच एका ऑब्जेक्टमधून जातात. मागणी हाताळणाऱ्या प्रत्येक वाढप्याला थ्रेड म्हणतात. टॉमकॅट मुळात जास्तीत जास्त २०० थ्रेड ठेवतो.

समजा निकाल दाखवणारा सर्व्हलेट लिहिलाय. बैठक क्रमांक ठेवायला क्लासच्या वरच्या भागात, मेथडच्या बाहेर, एक व्हेरिएबल केलंय. डूगेटमध्ये क्रमांक त्यात भरायचा, डेटाबेसला विचारायचं, मग 'क्रमांक अमुक, गुण तमुक' असं छापायचं. एकट्याने शंभर वेळा चालवून बघा, शंभरही वेळा बरोबर.

निकालाच्या दिवशी मात्र असं होतं. शून्याव्या मिलिसेकंदाला पहिली मुलगी येते, तिचा क्रमांक व्हेरिएबलमध्ये बसतो आणि डेटाबेसला प्रश्न जातो. उत्तराला ४० मिलिसेकंद लागणार आहेत. पंधराव्या मिलिसेकंदाला दुसरा मुलगा येतो आणि त्याच व्हेरिएबलमध्ये त्याचा क्रमांक बसतो. चाळिसाव्याला पहिलीचे गुण येतात, पण छापताना व्हेरिएबलमध्ये क्रमांक असतो दुसऱ्याचा. तिचे गुण, त्याचा क्रमांक. नाव-गुणही बाहेरच्याच व्हेरिएबलमध्ये ठेवले असतील तर पूर्ण निकालच दुसऱ्याचा दिसू शकतो. 'लॉगिन केलं तर भलत्याचंच खातं उघडलं' अशा तक्रारी येतात तेव्हा कारणं अनेक असू शकतात, पण तपासायच्या पहिल्या काही जागांत ही एक.

खानावळीच्या भाषेत, वाढप्यांनी मागणी स्वतःच्या चिठ्ठीवर न लिहिता भिंतीवरच्या एकाच फळ्यावर लिहिली. एकाने लिहिलं, दुसऱ्याने पुसून आपलं लिहिलं. मेथडच्या आत जाहीर केलेलं व्हेरिएबल म्हणजे खिशातली चिठ्ठी, ती ज्या त्या थ्रेडची. मेथडबाहेरचं व्हेरिएबल म्हणजे फळा. उपाय एका ओळीचा आहे: जाहीर करण्याची ओळ उचलून मेथडच्या आत न्या. फळ्यावर फक्त न बदलणाऱ्या गोष्टी राहू द्या, जसं की डेटाबेसकडे जाण्याची सोय किंवा लॉग लिहिणारा ऑब्जेक्ट.

काहीजण घाबरून मेथडला 'सिंक्रोनाइझ्ड' लावतात. चूक झाकली जाते, पण आता दोनशे वाढपी एकेक करून आत जातात. ४० मिलिसेकंदांच्या कामाला सेकंदाला २५ गिऱ्हाइकं, त्यावर एकही नाही.

ही चूक डोळ्यांनी बघायची असेल तर क्रमांक वाचल्यावर आणि उत्तर छापण्याआधी थ्रेडला दहा सेकंद झोपवा. मग दोन वेगळ्या ब्राउझरमधून दोन क्रमांक पाठोपाठ पाठवा. एकाच ब्राउझरचे दोन टॅब वापरू नका. पत्ता तोच असेल तर काही ब्राउझर पहिलं उत्तर येईपर्यंत दुसरी मागणी अडवून ठेवतात आणि प्रयोग फसतो.

दहा वेळा चालतं, अकराव्यांदा अडकतं

डेटाबेसशी जोडणी करणं महागाचं काम आहे: ओळख पटवणं, पासवर्ड तपासणं, जागा राखणं. म्हणून जोडण्या आधीच करून ठेवतात आणि मागेल त्याला थोड्या वेळापुरत्या देतात. या साठ्याला कनेक्शन पूल म्हणतात. आपल्या खानावळीत या झाल्या शेगड्या. स्प्रिंग बूट या जावाच्या तयार चौकटीबरोबर (फ्रेमवर्कबरोबर) येणारा हिकारी नावाचा पूल मुळात १० जोडण्या ठेवतो, आणि एकही मोकळी नसेल तर मागणाऱ्याला ३० सेकंद थांबवून मग चूक फेकतो.

नवशिक्याची हमखास खोड अशी: पान दहा वेळा रिफ्रेश केलं, झकास चाललं. अकराव्या वेळी चकती फिरू लागली आणि तीस सेकंदांनी पाचशे क्रमांकाची चूक आली. सर्व्हर बंद करून चालू केला की पुन्हा बरोबर दहा वेळा चालतं. असा मोजका आकडा दिसला की शोधायला फार लांब जायला नको. जोडणी घेतलीय पण परत केलेली नाही. मेन असलेल्या प्रोग्राममध्ये ही चूक खपून जायची, कारण प्रोग्राम संपला की सगळंच सुटायचं. इथे तो संपतच नाही. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, 'ट्राय'च्या कंसातच जोडणी उघडायची सोय आहे. मधेच चूक झाली तरी ती आपोआप परत जाते. तीच पद्धत वापरा, शेवटी हाताने 'क्लोज' लिहिण्याच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक, थोडक्यात. गिऱ्हाइकाने टाइप केलेला मजकूर एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, वाक्याला अधिकच्या चिन्हाने जोडू नका. कुणी त्यात अवतरणचिन्ह घालून पुढे स्वतःची अट लिहिली तर डेटाबेस ती आज्ञा समजून पाळतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी किंमत वेगळी पाठवली जाते, त्यामुळे ती आज्ञा होऊच शकत नाही.

निकालाच्या दिवशीचा हिशेब

आता आकडे मांडू. शेगड्या १०, एका निकालाला डेटाबेसचे ५० मिलिसेकंद. एका शेगडीवर सेकंदाला २०, दहांवर २००, मिनिटाला १२,०००. पहिल्या मिनिटात एक लाख मुलं आली तर ८८,००० रांगेत राहतील. गैरसोयीचं आहे, पण रांग सरकते आहे.

आता बैठक क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स करायचं राहिलंय असं धरा. इंडेक्स म्हणजे शब्दकोशातली वर्णानुक्रमाची सोय. नसेल तर डेटाबेसला पंधरा लाख ओळी पहिल्यापासून चाळाव्या लागतात. ५० मिलिसेकंदांचे दोन सेकंद झाले म्हणा. दहा शेगड्यांवर सेकंदाला अवघे ५ निकाल. दोनशे वाढप्यांपैकी १० शेगडीशी आणि १९० ताटकळत. तीस सेकंदांत त्यातल्या १५० जणांचा नंबर लागतो, उरलेल्या ४० जणांना चूक झाल्याचा संदेश मिळतो. दोनशेही वाढपी अडकलेले, त्यामुळे दारातल्या नव्या गिऱ्हाइकाकडे बघायलाच कुणी नाही. अगदी 'आमच्याविषयी'चं साधं पानही उघडत नाही, ज्याला डेटाबेस लागतच नाही.

घरचे 'पुन्हा दाब' म्हणतात तेव्हा काय होतं तेही बघा. ब्राउझरने जुनी मागणी सोडली, पण आतल्या थ्रेडला ते कळत नाही. गिऱ्हाईक उठून गेलं तरी भाजी शिजतच राहते. उत्तर लिहायला घेतल्यावर कळतं की समोर कुणी नाही, तोवर दोन सेकंद वाया गेलेले. आणि तेच गिऱ्हाईक रांगेच्या शेवटी पुन्हा उभं.

मग शेगड्याच वाढवा की!

पहिला आक्षेप हाच येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात १०० जोडण्यांची मर्यादा असते, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १५१. त्या वाढवता येतात. पण डेटाबेसच्या यंत्रात आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे आठ भाग, असतील तर खऱ्या अर्थाने एका वेळी आठच कामं पुढे सरकतात. पाचशे शेगड्या मांडल्या आणि गॅस तेवढाच, तर सगळ्याच मंद जळणार.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने व्हर्च्युअल थ्रेड पक्के केले. त्यामुळे वाढपी फार स्वस्त झाले, हजारोंनी ठेवता येतात. चांगली सोय आहे, पण शेगड्या दहाच राहतात, हे उत्साहाच्या भरात विसरलं जातं.

खरा उपाय दुसरीकडे आहे. जाहीर झालेला निकाल दिवसभर बदलत नाही. एका मुलाची माहिती एक केबी धरली तर पंधरा लाखांचे साधारण दीड जीबी होतात. एवढं मेमरीत आधीच भरून ठेवलं तर एकच्या ठोक्याला डेटाबेसकडे जायचं कारणच उरत नाही. सकाळीच पोळ्या लाटून ठेवाव्यात तसं.

थेट स्प्रिंग बूटच का शिकू नये?

नोकरीत तेच वापरतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये आली. त्यात टॉमकॅट आतच बांधलेला असतो. तुमचं एक ओळीचं मेन त्याला उठवतं. पाच मिनिटांत पान दिसतं.

अडचण सहाव्या मिनिटाला येते. स्प्रिंगचे कंट्रोलर आणि सर्व्हिस क्लासही मुळात एकेकच बनतात, म्हणजे फळ्याची चूक तिथेही जशीच्या तशी होते. पण मधे इतके थर असतात की सर्व्हलेट कधीच न पाहिलेल्याला ती सापडत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: दोन आठवडे नुसते सर्व्हलेट, हाताने लिहिलेलं जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची सोय) आणि टॉमकॅट, त्यानंतर स्प्रिंग बूट. जेएसपी, म्हणजे पानातच जावा लिहायची जुनी पद्धत, ओळखण्यापुरती बघा. नव्या कामात ती क्वचितच लागते. दोन महिने सर्व्हलेट घोटत बसणंही तितकंच निरर्थक.

त्या दोन आठवड्यांत काय अडेल

जेडीके, म्हणजे जावाचा विकास-संच, २१ किंवा २५ आवृत्तीचा घ्या आणि टॉमकॅट १०.१. पहिला खड्डा नावाचा आहे. ओरॅकलने जावाची एंटरप्राइझ शाखा २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण 'जावाएक्स' या नावाखाली पुढे बदल करायचा हक्क दिला नाही. म्हणून २०२० मध्ये सगळ्या पॅकेजांची नावं 'जकार्ता'ने सुरू व्हायला लागली. जकार्ता शहर जावा बेटावरच आहे, एवढीच त्यात गंमत. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, १० पासून नवंच. जुन्या व्हिडिओत बघून कोड लिहिलात आणि जुनी जार फाइलही (तयार क्लासचा गठ्ठा) सोबत टाकलीत, तर सगळं बिनतक्रार चढतं आणि पान मात्र ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', दाखवतं. टॉमकॅटला क्लासवर लावलेली तुमची खूणचिठ्ठी, म्हणजे ॲनोटेशन, दिसतच नाही.

४०४ ची बाकी कारणं अशी: पत्त्यात वॉर फाइलचं (पूर्ण ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्याचं) नाव घालायचं राहिलं, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ, किंवा सर्व्हलेटच्या पत्त्याआधीची तिरकी रेघ विसरली. शेवटच्या चुकीत पूर्ण ॲप्लिकेशनच उठत नाही, सगळीच पानं ४०४ देतात. ४०५ आला तर फॉर्म पोस्ट करतोय आणि तुम्ही फक्त डूगेट लिहिलंय. 'पोर्ट आधीच वापरात' असं आलं तर काल रात्रीचा टॉमकॅट अजून जिवंत आहे.

५०० आला की पडद्यावर शंभर ओळींचा स्टॅक ट्रेस, म्हणजे चुकीचा माग दाखवणारी यादी, पडतो आणि विद्यार्थी पहिली ओळ कॉपी करून शोधायला लागतो. उलट करा. सर्वांत शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा आणि त्याच्या खाली तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ गाठा. शेवटी लिहिलेला आकडा हा तुमच्या फाइलमधल्या ओळीचा क्रमांक. बहुतेक वेळा चूक तिथेच किंवा आसपास असते.

पण जावा म्हातारी झाली ना? आणि कोड तर एआय लिहून देतो

१९९५ ची भाषा आहे, वय लपत नाही. एकट्याने छोटी साइट उभारायची तर पायथन किंवा नोड हलके पडतात. स्प्रिंग बूटचं साधं ॲप्लिकेशनही काही शे एमबी मेमरी घेऊन बसतं. तरीही बँका, विमा, तिकीट, पगार अशा ठिकाणी वर्षानुवर्षं चाललेला प्रचंड जावा कोड आहे, आणि तो सांभाळणारी माणसं लागतात.

एआयने दिलेला सर्व्हलेट एका माणसाच्या चाचणीत नक्की पास होईल. फळ्यावर लिहिणारा सर्व्हलेटही होतो. 'दोघं एकदम आले तर?' हा प्रश्न विचारायचं काम अजून तुमचंच आहे.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

हा आपल्याकडचा खास त्रास. फॉर्ममध्ये 'मराठी' लिहून पाठवलं आणि डेटाबेसमध्ये भलतंच दिसलं, तर आधी काय दिसतंय ते नीट बघा, कारण दोन वेगळे आजार आहेत.

यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत; अशा पद्धतीला इथे 'लिपी' म्हणू. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मराठी'त म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. डोक्यावर रेघा असलेली रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा लांबलचक दिसत असतील तर बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या लिपीने वाचलेत. जुन्या टॉमकॅटमध्ये पोस्टचा मजकूर मुळात पाश्चिमात्य लिपीचा समजला जातो. रिक्वेस्टवर यूटीएफ-८ लावा, आणि तेही पहिला पॅरामीटर वाचण्याआधी. नंतर लावलं तर काही परिणाम होत नाही. रिस्पॉन्सचंही तसंच: उत्तर लिहिणारा 'रायटर' ऑब्जेक्ट मागण्याआधी लिपी सांगायची.

बरोबर पाच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाटेत कुणीतरी अक्षर लिहिता येत नाही म्हणून त्याजागी प्रश्नचिन्ह टाकलंय. बहुधा टेबलची लिपी चुकलेली असते. मायएसक्यूएलमध्ये टेबलला 'यूटीएफ-८ एमबी-४' लिपी द्या. नुसतं 'यूटीएफ-८' म्हटलं तर जुन्या आवृत्त्यांत तीन बाइटांपर्यंतचीच चिन्हं बसतात, म्हणजे मराठी बसेल पण इमोजी अडकेल. टेबल दुरुस्त केल्यावर नव्या नोंदी नीट उमटतील. जुन्या ओळींत मात्र खरोखरीची प्रश्नचिन्हंच साठलेली असतात, मूळ अक्षरं त्यांच्यामागे कुठेच नसतात. ती नावं पुन्हा टाइप करावी लागतात.